‘अफवांवर विश्वास ठेवू नये’ असे लिहायला सांगण्यापूर्वी

मुंबईतील बँका, पतसंस्था, कंपन्या, रुग्णालये आणि शिक्षणसंस्था यांच्या संचालक व विश्वस्त मंडळांच्या सन्माननीय सदस्यांस,

सविनय नमस्कार.

रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. वर्तमानपत्राच्या शहर आवृत्तीची पाने लागत आलेली असतात आणि आपल्यापैकी कोणाच्या तरी कार्यालयातून जनसंपर्क अधिकाऱ्याला फोन जातो. अमुक दैनिकाचा बातमीदार काहीतरी विचारतो आहे, त्याला दोन ओळींचा खुलासा देऊन टाका, असे सांगितले जाते. नेमके काय झाले आहे, असे त्या अधिकाऱ्याने विचारलेच तर उत्तर येते, ‘ते उद्या बोलू. तूर्त एवढेच लिहा की सर्व व्यवहार सुरळीत आहेत आणि अफवांवर विश्वास ठेवू नये.’ मी मुंबईत ३१ वर्षे जनसंपर्काचे काम केले. नोकरीची ठिकाणे चार झाली आणि हा फोन मला चारही ठिकाणी आला.

हे पत्र त्या फोनविषयी आहे. माझ्या समव्यावसायिकांना ते मुद्दाम लिहिलेले नाही, कारण सचोटीवरची व्याख्याने त्यांना दरवर्षी २१ एप्रिलला, राष्ट्रीय जनसंपर्क दिनाच्या निमित्ताने, पुरेशी ऐकावी लागतात. खुलासा कोणी लिहायचा हे ठरलेले असते. त्यात काय लिहायचे हे आपण ठरवता. म्हणून हे आपल्याला लिहिते आहे.

एक प्रसंग सांगते. संस्थेचे नाव सांगणार नाही, ते इथे आवश्यकही नाही. ठेवीदार सभासदांच्या पैशांवर चालणारी ती संस्था होती आणि मुदत संपलेल्या ठेवी परत मिळायला उशीर होतो आहे अशी कुजबुज दोन शाखांमधून सुरू झाली होती. एका मराठी दैनिकाच्या बातमीदाराने मला विचारले. मी वर विचारले. वरून मला सांगण्यात आले की संगणकप्रणाली बदलते आहे, त्यामुळे चार दिवसांचा विलंब होतो आहे, बाकी काही नाही. मी पत्रक लिहिले: ‘संस्थेची आर्थिक स्थिती भक्कम असून सभासदांनी कोणत्याही अफवांवर विश्वास ठेवू नये.’ खाली माझे नाव आणि हुद्दा. दुसऱ्या दिवशी ते जसेच्या तसे छापून आले, आणि खरे सांगायचे तर मला थोडे समाधानही वाटले, कारण त्या बातमीदाराने माझ्या मजकुरातला एक शब्दही बदलला नव्हता.

पुढे उघड झाले ते असे की, माझे पत्रक निघण्याच्या दोन दिवस आधी मंडळाची बैठक झाली होती आणि थकलेल्या कर्जांची यादी त्या बैठकीत सर्वांसमोर होती. संगणकप्रणाली खरोखरच बदलत होती. फक्त पैसे अडकण्याचे कारण ते नव्हते. काही आठवड्यांनी काउंटरसमोर जी माणसे उभी राहिली त्यांतल्या कित्येकांच्या हातात माझ्या पत्रकाचे कात्रण होते. आमच्याच इमारतीतल्या एका काकूंनी, ज्यांच्या यजमानांचा निवृत्तीचा फंड तिथे होता, मला जिन्यात थांबवून विचारले, ‘ताई, ते पत्रक तुम्हीच काढले होते ना?’ त्या रागावल्या नव्हत्या. खात्री करून घेत होत्या. बातमीदाराने मात्र फोनवर एकच वाक्य उच्चारले: ‘मॅडम, तुमच्याकडून आले म्हणून मी दुसरीकडे विचारले नाही.’ त्यानंतर त्याने मला बातमीसाठी कधीही फोन केला नाही.

त्या वाक्यात आमच्या व्यवसायाचे सगळे भांडवल काय असते ते आले आहे, आणि आपल्यापैकी अनेकांना ते दिसत नाही म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. बातमीदाराला संध्याकाळी दहा ठिकाणची माहिती पडताळायची असते आणि हाती असतात दोन तास. कोणाचे म्हणणे पडताळल्याशिवाय घेता येईल आणि कोणाचे दोनदा तपासावे लागेल, याचा हिशेब तो मनात ठेवतो. हा हिशेब संस्थेच्या नावाने फारसा नसतो. तो माणसाच्या नावाने असतो. आणि तो जमतो अगदी किरकोळ गोष्टींनी: परत फोन करते म्हटल्यावर खरोखर परत फोन करणे, आपल्याच पत्रकातला आकडा चुकला असेल तर त्याने विचारण्याआधी कळवणे, ‘हे मला माहीत नाही, तासाभरात विचारून सांगते’ असे सांगण्याची लाज न वाटणे, आणि एखादी वाईट बातमी ती बाहेरून कळण्याआधी स्वतः देणे. अशी वर्षे गेल्यावर एखाद्या रात्री तुमच्या दोन ओळींवर एक माणूस विसंबून राहतो. आपण त्या रात्री फोन करता तेव्हा हे साठवलेले सगळे खर्चाला काढता, आणि ज्याचे ते आहे त्याला खरी किंमत न सांगता काढता.

ही तक्रार नवी नाही. आधुनिक जनसंपर्काचा आरंभ ज्या माणसापासून मोजतात त्या आयव्ही ली यांच्याच आयुष्यात तिच्या दोन्ही बाजू आहेत. ऑक्टोबर १९०६ मध्ये अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेल्वेची गाडी पुलावरून पाण्यात कोसळली आणि ५० हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. अपघात झाला की तो दडपायचा, बातमीदारांना रुळांजवळ फिरकू द्यायचे नाही, ही तेव्हाची रेल्वे कंपन्यांची रीत होती. ली यांनी कंपनीला उलटे करायला लावले: काय घडले त्याचे निवेदन काढले आणि बातमीदारांना अपघाताच्या जागी नेण्याची सोय केली. आज आपण ज्याला प्रसिद्धीपत्रक किंवा प्रेसनोट म्हणतो त्याची गोष्ट बहुतेक पाठ्यपुस्तके इथून सुरू करतात. तीच पाठ्यपुस्तके पुढची गोष्ट घाईघाईने उरकतात. १९१४ मध्ये कोलोरॅडोतील लडलो येथे खाणकामगारांच्या संपात गोळीबार आणि जाळपोळ होऊन स्त्रिया व मुलांसह अनेक जण मेले, तेव्हा खाणमालकांच्या बाजूने पत्रके काढण्याचे काम ली यांच्याकडे होते. त्या पत्रकांत कामगार पुढाऱ्यांच्या मानधनाचे आकडे फुगवलेले होते आणि इतरही बरेच काही खोटे होते. औद्योगिक संबंधांविषयीच्या सरकारी आयोगासमोर ली यांना विचारले गेले तेव्हा त्यांनी कबूल केले की माहिती मालकांनी दिली होती आणि आपण ती तपासली नव्हती. ‘विषारी वेल’ या अर्थाचे टोपणनाव त्यांना तेव्हा चिकटले ते कायमचे. १९०६ मध्ये ज्या माणसाने प्रत्यक्ष जागा दाखवली, त्याच माणसाने १९१४ मध्ये वरून आलेला कागद उतरवून काढला. मला ली यांचा राग येत नाही. मी स्वतः काय केले ते वर लिहिलेच आहे.

मुंबईला या कामाची ओळख उशिरा झाली असेही नाही. टाटा समूहाने १९४३ मध्ये याच शहरात जनसंपर्क विभाग सुरू केला, म्हणजे देश स्वतंत्र होण्याच्या चार वर्षे आधी. पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया १९५८ ची आहे आणि १९६८ च्या तिच्या अखिल भारतीय परिषदेत आचारसंहिता स्वीकारली गेली. ही आचारसंहिता आम्हाला पाठ असते. परंतु ती बांधते आम्हाला. आम्हाला माहिती देणाऱ्या मंडळाला बांधणारे तिच्यात काही नाही, आणि सगळी गळती तिथेच आहे.

आपले म्हणणे मला ठाऊक आहे. आपण म्हणाल की प्रत्येक गोष्ट जनसंपर्क अधिकाऱ्याला कशी सांगायची? गोपनीयता असते, वकिलांचा सल्ला असतो, आणि बँकेच्या बाबतीत तर खरे बोलण्यानेच रांगा लागू शकतात. यातला शेवटचा आक्षेप खरा आहे, आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. दुरुस्त होण्याजोगी अडचण असताना घबराट पसरली तर अडचणीचे संकट होते. पण या आक्षेपातून गप्प राहण्याचे समर्थन होते, खोटे सांगण्याचे होत नाही, आणि या दोहोंमधला फरक मराठीत अगदी साध्या वाक्याने दाखवता येतो. ‘या विषयावर आज आम्ही काही सांगू शकत नाही, शुक्रवारी दुपारी चार वाजता सांगू’ हे वाक्य मी जन्मभरात फार तर सहा-सात वेळा छापून आणू शकले. दर वेळी वरिष्ठांना ते कमकुवतपणाचे वाटले. दर वेळी बातमीदारांनी शुक्रवारची वाट पाहिली.

सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि सुरुवातीला सहा महिन्यांत खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येतील असे जाहीर झाले, तेव्हा या शहरातल्या इतर सहकारी बँकांच्या जनसंपर्क विभागांत काय धांदल उडाली होती हे मी पाहिले आहे. प्रत्येकाने ‘आमची बँक सुरक्षित आहे’ असे फलक लावले. ठेवीदाराला ते नको होते. त्याला हवे होते दोन आकडे: बँक बुडालीच तर ठेव विमा महामंडळाकडून किती मिळणार, आणि माझ्या बँकेची थकबाकी किती. त्या वेळी विम्याची मर्यादा १ लाख रुपये होती. फेब्रुवारी २०२० मध्ये ती ५ लाख झाली. अनेक सुशिक्षित खातेदारांना त्या दिवसांत ही मर्यादा पहिल्यांदाच कळली. मला वाटते, त्या आठवड्यात ज्या शाखाधिकाऱ्याने फलक लावण्याऐवजी टेबलावर ताळेबंद ठेवून हे दोन आकडे समजावून सांगितले असतील, त्याने जनसंपर्काचे काम आमच्यापैकी कोणाहीपेक्षा चांगले केले.

आता अशा काही गोष्टी सांगते ज्यांत प्रतिष्ठा सावरली गेली, कारण त्यांचा अर्थ नेहमी चुकीचा लावला जातो. ऑक्टोबर २००३ मध्ये मुंबईत कॅडबरीच्या चॉकलेटमध्ये अळ्या सापडल्याच्या तक्रारी आल्या आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने कारवाई सुरू केली. दिवाळीचे दिवस होते. कंपनीचा पहिला सूर असा होता की दोष दुकानातल्या साठवणुकीचा आहे. तांत्रिकदृष्ट्या त्यात तथ्य असेलही, पण लेकराच्या हातातले चॉकलेट काढून घेतलेल्या आईला दुकानदाराची साठवणूक ऐकायची नसते. त्यानंतर कंपनीने ‘विश्वास’ नावाने मोहीम हाती घेतली, दुकानदारांपर्यंत जाऊन साठवणुकीची पाहणी केली, आणि २००४ च्या सुरुवातीला हवाबंद, दुहेरी वेष्टन आणले. अमिताभ बच्चन जाहिरातीत आले ते याच सुमारास. विपणनाच्या वर्गात हे उदाहरण ‘बच्चन यांनी कॅडबरी वाचवली’ असे शिकवले जाते. मला ते पटत नाही. बच्चन ज्या वेष्टनाविषयी बोलत होते ते खरोखरच बदललेले होते आणि घरोघरी लोक ते हाताने उघडून पाहू शकत होते. वेष्टन जुनेच असते तर त्यांच्याही शब्दाला धक्का लागला असता. ठाण्यात ज्या कंपनीच्या नावाने आजही चौक ओळखला जातो आणि बसचा कंडक्टर ‘कॅडबरी, कॅडबरी’ असे ओरडतो, तिच्याकडे हरवायला पुष्कळ होते, आणि कारखान्यातला बदल आधी करण्याची अक्कल तिला वेळेवर सुचली.

मॅगीचे उलट झाले. २०१५ च्या मे महिन्यात शिसे आणि मोनोसोडियम ग्लुटामेट यांविषयीची बातमी देशभर पसरत असताना कंपनीचे बोलणे अपुरे आणि उशिरा होते. ५ जूनला केंद्रीय अन्न प्राधिकरणाने उत्पादन मागे घेण्याचा आदेश दिला आणि कंपनीच्या परदेशातल्या सर्वोच्च अधिकाऱ्याला दिल्लीत येऊन पत्रकार परिषद घ्यावी लागली. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने नैसर्गिक न्यायाचे तत्त्व पाळले गेले नाही म्हणून तो आदेश रद्द केला आणि नव्याने चाचण्या करायला सांगितले. त्या चाचण्यांनंतर नोव्हेंबरमध्ये मॅगी पुन्हा दुकानांत आली. म्हणजे न्यायालयात कंपनीची बाजू टिकली. तरीही त्या पाच महिन्यांत हजारो टन माल जाळून नष्ट करावा लागला. फोर्टमधल्या न्यायालयात जिंकलेली बाजू परळच्या स्वयंपाकघरात त्याच दिवशी जिंकत नाही, हे वकिलांच्या सल्ल्यावर विसंबणाऱ्या मंडळांनी ध्यानात घ्यायला हवे. वकील पुढच्या तारखेसाठी वाक्य लिहितो. गिऱ्हाईक आज संध्याकाळी भुकेलेल्या मुलासमोर उभे असते.

बाहेरचे एकच उदाहरण देते. १९८२ मध्ये शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कोणीतरी सायनाइड मिसळले, सात माणसे दगावली, आणि जॉन्सन अँड जॉन्सनने सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या. हे सर्वांना ठाऊक असते. फारसे सांगितले जात नाही ते असे, की आमच्या कारखान्यात सायनाइड नसते असे कंपनीने आधी सांगितले होते, आणि मग तपासणीच्या कामासाठी थोडे सायनाइड तिथे वापरले जाते असे आतूनच कळले. त्या विषाचा मृत्यूंशी संबंध नव्हता. तरी आधीचे विधान चुकीचे होते आणि ते दुरुस्त करावे लागले. जगातल्या सर्वांत गौरवलेल्या जनसंपर्काच्या प्रकरणातही बोलणाऱ्याला आत काय आहे ते पहिल्या दिवशी माहीत नव्हते. फरक इतकाच की चूक लक्षात आल्यावर ती दुरुस्त करू देणारे मंडळ मागे होते.

मुंबईत हे काम उत्तम कोण करते, असे मला कोणी विचारले तर मी रेल्वेच्या रविवारच्या मेगाब्लॉकच्या, म्हणजे दुरुस्तीसाठी मार्ग बंद ठेवण्याच्या, सूचनेकडे बोट दाखवीन. हे वाचून काही जण हसतील. पण ती सूचना एकदा नीट वाचून पाहा. माटुंगा ते मुलुंड, अप आणि डाउन जलद मार्ग, सकाळी ११.०५ ते दुपारी ३.५५, जलद गाड्या धिम्या मार्गावर वळवल्या जातील, अमुक स्थानकांवर थांबतील, नियोजित वेळेपेक्षा इतकी मिनिटे उशिरा धावतील. रविवारची सोय बिघडवणारी बातमी, आणि ती बिघडवणाऱ्यानेच आदल्या दिवशी तपशिलासह दिलेली. तिच्यात ‘प्रवाशांच्या उज्ज्वल भविष्यासाठी’ वगैरे काही नसते. मुंबईकर रेल्वेला वर्षभर नावे ठेवतो, परंतु मेगाब्लॉकच्या वेळापत्रकावर विसंबून तो लग्नाला निघण्याची वेळ ठरवतो. आपल्या संस्थेच्या कोणत्या पत्रकावर विसंबून कोणी घरातून निघण्याची वेळ ठरवील, हा प्रश्न प्रत्येक मंडळाने स्वतःला विचारून पाहावा.

ताज हॉटेलचा उल्लेख टाळता येणार नाही, पण थोडक्यात करते. २६ नोव्हेंबर २००८ नंतर त्या नावाविषयी जो आदर वाढला तो पत्रकांमुळे वाढला नाही. कर्मचाऱ्यांनी पाहुण्यांना कसे बाहेर काढले हे बचावलेल्या पाहुण्यांनीच सांगितले, आणि त्या डिसेंबरमध्ये स्थापन झालेल्या विश्वस्त निधीतून हॉटेलशी काहीही संबंध नसलेल्या बळींच्या कुटुंबांनाही मदत गेली. तिथल्या जनसंपर्क विभागाला जे सांगायचे होते ते आधी घडलेले होते.

आता मोजमापाविषयी, कारण रात्रीच्या फोनचे मूळ बऱ्याच अंशी तिथे आहे. आपण आम्हाला कात्रणांवर मोजता. महिनाअखेरीस फाइल येते, कॉलम सेंटिमीटर मोजले जातात, त्यांना त्या दैनिकाच्या जाहिरातदराने गुणले जाते आणि ‘या महिन्यात इतक्या लाखांची प्रसिद्धी फुकट मिळाली’ असा आकडा आपल्यासमोर ठेवला जातो. मी स्वतः असे आकडे वर्षानुवर्षे ठेवले आहेत. जगभरच्या मोजमाप तज्ज्ञांनी २०१० मध्ये बार्सिलोना येथे जी तत्त्वे मान्य केली त्यांत जाहिरातदराशी केलेली ही तुलना स्पष्टपणे नाकारली गेली, पण लोअर परळ आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या सादरीकरणांत ती अजून जिवंत आहे. या हिशेबात माझे ते खोटे पत्रकही जमेच्या बाजूला होते: पान तीन, दोन कॉलम, बारा सेंटिमीटर. आणि ज्या दिवशी एखाद्या सहकाऱ्याने मंडळाला सांगितले असेल की ही शुल्कवाढ निकालाच्या आठवड्यात जाहीर करू नका, पालक चिडतील, आणि मंडळाने ऐकले असेल, त्या दिवशी फाइलीत काहीच लागले नसेल. त्या सहकाऱ्याचा पगार त्या एका दिवसात वसूल झालेला असतो. त्याला मात्र वर्षअखेरीस ‘तुमची कात्रणे कमी झाली’ असे ऐकावे लागते.

याच मोजमापामुळे पैसे देऊन बातमी लावण्याचा मोह होतो. पेड न्यूजविषयी प्रेस कौन्सिलने २०१० मध्येच चौकशी केली होती, आणि इन्फ्लुएन्सरने पैसे घेऊन केलेली स्तुती जाहिरात म्हणून दाखवलीच पाहिजे, असे मुंबईतच मुख्यालय असलेल्या जाहिरात मानक परिषदेने २०२१ पासून बंधनकारक केले आहे. यावर अधिक लिहीत नाही. विकत घेतलेली बातमी संकटाच्या रात्री कामाला येत नाही, एवढा माझा अनुभव आहे.

एक छोटी बाब, पण मला ती खुपते. आपले निवेदन संध्याकाळी सहाला इंग्रजीत तयार होते, त्यावर वकील, सल्लागार संस्था आणि मुख्य अधिकारी यांच्या दुरुस्त्या होतात, आणि मराठी मजकूर कोणीतरी नऊ वाजता भाषांतर करून पाठवतो, तेव्हा मराठी दैनिकाचे पान गेलेले असते. जे जाते त्यात ‘आमच्या भागधारकांच्या हितास आम्ही सर्वोच्च प्राधान्य देतो’ अशी वाक्ये असतात. रुग्णाच्या नातेवाइकाला भागधारक म्हणणारे पत्रक मी पाहिले आहे. या शहरात आपल्या काउंटरसमोर, बाह्यरुग्ण विभागात आणि कारखान्याच्या भिंतीला लागून जी माणसे राहतात त्यांच्यापैकी बहुतेकांना आपली बाजू पहिल्यांदा मराठीत किंवा हिंदीत कळते. त्यांच्यासाठीचे निवेदन आधी लिहा. गुंतवणूकदारांचे त्याच्यावरून लिहिता येते.

गुंतवणूकदारांवरून आठवले. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या, बांद्र्यात बसणाऱ्या सेबीने सूचिबद्ध कंपन्यांसाठी अफवांच्या पडताळणीचा नियम केला आहे. बाजारमूल्याने पहिल्या १०० कंपन्यांना १ जून २०२४ पासून आणि पहिल्या २५० कंपन्यांना १ डिसेंबर २०२४ पासून तो लागू झाला. मुख्य प्रवाहातील माध्यमांत आलेल्या अफवेमुळे समभागाच्या किमतीत लक्षणीय चढउतार झाला तर कंपनीने २४ तासांत त्या अफवेला दुजोरा द्यावा, ती नाकारावी किंवा स्पष्टीकरण द्यावे. किती साधी व्यवस्था आहे पाहा: समभाग घेणाऱ्याला २४ तासांत उत्तर मिळण्याचा हक्क आहे. ठेवीदाराला, रुग्णाला, विद्यार्थ्याच्या पालकाला, कारखान्याच्या धुराड्याखाली राहणाऱ्याला तो नाही. आपल्याला कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. मंडळाच्या एका ठरावाने तो देता येईल.

तेव्हा माझी मागणी अशी. ज्या बैठकीत वाईट बातमी मांडली जाते तिच्यात जनसंपर्क अधिकाऱ्याला बसू द्यावे, मत देण्यासाठी नव्हे, ऐकण्यासाठी. कोणताही खुलासा निघण्यापूर्वी त्यातील माहिती कोणी दिली त्या अधिकाऱ्याचे नाव आणि वेळ कार्यालयीन प्रतीवर लिहिलेली असावी आणि त्याखाली त्याची सही असावी, म्हणजे ‘मला असे सांगण्यात आले होते’ हे सांगण्याची पाळी आली तर ते कागदावर दाखवता येईल. जो मजकूर खोटा आहे असे जनसंपर्क अधिकाऱ्याला वाटते त्याखाली नाव घालण्यास नकार देण्याचा त्याला अधिकार असावा, आणि त्या नकाराची नोंद त्याच्या गोपनीय अहवालात नाही तर मंडळाच्या इतिवृत्तात व्हावी. आपण बाहेरची सल्लागार संस्था नेमली असेल तरी हे टळत नाही. लंडनच्या बेल पॉटिंजर या नामांकित संस्थेने दक्षिण आफ्रिकेत वांशिक तेढ वाढवणारी मोहीम चालवली म्हणून ब्रिटनमधल्या जनसंपर्क संघटनेने सप्टेंबर २०१७ मध्ये तिला बाहेर काढले आणि त्याच महिन्यात ती दिवाळखोरीत गेली. दुसऱ्यांची नावे राखणाऱ्यांचे स्वतःचे नाव किती दिवस टिकते, हे तिथे दिसले.

आपल्यापैकी काही मंडळांत या गोष्टी आधीच होत असतील. त्यांच्या जनसंपर्क अधिकाऱ्यांना मी ओळखते, ती माणसे रात्री साडेआठनंतर फोन उचलतात. बाकीच्या मंडळांनी पुढच्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर हा विषय घ्यावा. मी निवृत्त असल्यामुळे मला बोलावण्यासाठी मानधनाची आवश्यकता नाही. येताना ते पान तीनवरचे कात्रण घेऊन येईन आणि त्याच आठवड्यातले बैठकीचे इतिवृत्त शेजारी ठेवीन. ते मला पुढे एका सभासदाने आणून दिले होते. दोन्हींवरच्या तारखा वाचायला पाच मिनिटे पुरतात.

कळावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त जनसंपर्क अधिकारी
परळ, मुंबई